मॉडबस आरटीयू: मधूनच जाणारं आणि आपोआप परत येणारं कम्युनिकेशन कसं पकडायचं

तक्रार ठरलेली असते. पीएलसीवर (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) वीस डिव्हाइस आहेत. त्यातली तीन-चार दिवसातून काही वेळा टाइमआउट (वेळेत उत्तर नाही) दाखवतात आणि कुणी हात न लावता परत येतात. मेंटेनन्सवाला पोहोचेपर्यंत स्क्रीनवर सगळं हिरवं. मग एखादा मीटर बदलला जातो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं, कधी त्याच मीटरवर, कधी शेजारच्या. मीटर बदलून बरं वाटतं याचं कारण साधं आहे: बदलताना वायरी सोडून पुन्हा घट्ट आवळल्या जातात आणि त्या जागेचा सप्लाय एकदा बंद-चालू होतो. काढलेला मीटर टेबलावर लावून पाहा, दहापैकी नऊ वेळा तो मजेत चालेल.

खालचं सगळं आरएस-४८५ वर चालणाऱ्या मॉडबस आरटीयूबद्दल आहे. आरएस-४८५ म्हणजे सगळ्या डिव्हाइसना जोडणारी सामाईक तारांची लाइन, हीच बस. मॉडबस आरटीयू ही तिच्यावर बोलायची भाषा: मास्टर विचारतो, ज्याचा पत्ता असतो तो स्लेव्ह उत्तर देतो. आकडे कळावेत म्हणून एक नेहमीचा पसारा धरू: एक पीएलसी मास्टर, १४ एनर्जी मीटर, ६ ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे), ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), १ स्टॉप बिट, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३५० मीटर केबल. भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात साधारण एवढंच असतं.

गप्प, गडबड की नकार?

'कम्युनिकेशन फेल' या एका नावाखाली तीन वेगळे प्रकार खपतात आणि तिन्हींची कारणं वेगळी असतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी पीएलसीतला एरर कोड वाचा आणि बसवर काय चाललंय ते ऐका. लॅपटॉपला यूएसबी-४८५ कन्व्हर्टर लावा, त्याच्या दोन वायरी बसला समांतर जोडा आणि सिरियल मॉनिटर उघडून नुसतं ऐका. मॉडबस पोलसारखा मास्टर प्रोग्राम या वेळी चालवायचा नाही. पीएलसी चालू असताना दुसरा मास्टर बोलायला लागला, तर जो दोष शोधायला आलात तो तुम्हीच तयार कराल. कन्व्हर्टरच्या आत १२० ओहमचं टर्मिनेशन (लाट परतू नये म्हणून बसच्या टोकाला दोन तारांमध्ये लावायचा रेझिस्टर) बसवलेलं आहे का, तेही आधी बघून घ्या. असेल तर जंपर काढा.

निरोगी संवाद असा दिसतो (आकडे हेक्समध्ये). मास्टर विचारतो:

०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए

म्हणजे पत्ता १, फंक्शन ३, रजिस्टर शून्यापासून एक रजिस्टर दे, आणि शेवटचे दोन बाइट सीआरसी, म्हणजे फ्रेम (एक पूर्ण संदेश) वाटेत बिघडली का ते ताडायचा आकडा. स्लेव्हकडे शून्य ही किंमत असेल तर उत्तर येतं:

०१ ०३ ०२ ०० ०० बी८ ४४

आता बिघाडाचे प्रकार. पहिला, प्रश्न गेला आणि उत्तरच नाही. पत्ता, बॉड किंवा पॅरिटी जुळत नाही, वायर उलटी आहे, सप्लाय गेला आहे, यापैकी काहीही असू शकतं. पण हे दोष कायमचे असतात, मधूनच येणारे नसतात. मधूनच शांतता पसरत असेल तर एक नियम लक्षात ठेवा: सीआरसी चुकलेली फ्रेम स्लेव्ह मुकाट्याने टाकून देतो, 'कळलं नाही' असं कळवत नाही. त्यामुळे पीएलसीवर टाइमआउट दिसत असला तरी खरा दोष जाणाऱ्या प्रश्नावर बसलेला नॉइज असू शकतो.

दुसरा, उत्तर आलं पण बिघडलेलं. इथे बिघाड नेमका कुठल्या बाइटमध्ये आहे ते पाहा, त्यातच अर्धं निदान होतं.

०० ०१ ०३ ०२ ०० ०० बी८ ४४ — पुढे एक फालतू शून्य चिकटलं आहे. बस मोकळी असताना लाइन तरंगत होती आणि रिसीव्हरला तो स्टार्ट बिट वाटला. बायस (मोकळ्या बसला ठरलेल्या व्होल्टेजवर ओढून ठेवणारे रेझिस्टर, खाली येतंच) बघा.

०३ ०२ ०० ०० बी८ ४४ — पहिला बाइट खाल्ला गेला. मास्टरने किंवा मधल्या कन्व्हर्टरने आपला ड्रायव्हर (लाइनवर सिग्नल घालणारा भाग) उशिरा सोडला, तोवर स्लेव्ह बोलायला लागला होता. स्लेव्हच्या सेटिंगमध्ये रिस्पॉन्स डिले असेल तर तो १०-२० मिलिसेकंद करा.

फ्रेमच्या मध्येच कुठेही, दरवेळी वेगळ्या जागी बाइट बदलत असतील तर ड्राइव्हचा नॉइज किंवा एकाच वेळी दोघे बोलणं, या दोन शक्यता उरतात.

तिसरा प्रकार म्हणजे ०१ ८३ ०२ सी० एफ१ असं काहीतरी. फंक्शन कोडमध्ये ८० हेक्स मिळवून आलेलं उत्तर म्हणजे एक्सेप्शन, स्लेव्हने दिलेला स्पष्ट नकार. ०२ म्हणजे असं रजिस्टर माझ्याकडे नाही. हे दिसलं की वायरिंगला हात लावू नका, वायरिंग ठणठणीत आहे. मॅन्युअलमधलं ४०००१ म्हणजे फ्रेममधलं ०, या एकाच्या फरकाने बहुतेक वेळा घोळ झालेला असतो. किंवा एका दमात जितकी रजिस्टर मागितलीत तितक्यांपैकी एखादं त्या मॉडेलमध्ये नाही. ०६ आलं तर स्लेव्ह दुसऱ्या कामात आहे. पोलिंग (एकेकाला पाळीपाळीने विचारणं) जरा सावकाश करा.

कधी जातं?

वेळ नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ड्राइव्ह सुरू झाला की जातं आणि थांबला की येतं: नॉइज किंवा अर्थिंग. लाइट जाऊन डीजीवर गेलं की जातं: अर्थिंगमधला फरक, नाहीतर एखाद्या डिव्हाइसचा सप्लाय पुन्हा उभा राहायला लागणारा वेळ. पावसाळ्यात सकाळी जातं आणि दुपारी येतं: जंक्शन बॉक्समध्ये ओल आहे, ग्लँड (केबल आत घ्यायचं तोंड) वरच्या बाजूने घेतला असेल तर नक्कीच. केबल ट्रेशेजारून क्रेन किंवा फोर्कलिफ्ट गेल्यावर जातं: कुठेतरी सैल टर्मिनल. नवीन मीटर लावल्यापासून जातं: आधी पत्ता तपासा, मग त्या मीटरच्या टर्मिनेशनचा डीआयपी स्विच. आणि वेळेचा काहीच मेळ लागत नसेल तर बायस किंवा पीएलसीचा प्रोग्राम.

सप्लाय बंद करून: ओहम

बसवरच्या सगळ्या डिव्हाइसचा सप्लाय बंद करा. ड्राइव्ह असतील तर आतले कपॅसिटर रिकामे व्हायला ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मगच कव्हर उघडा. पीएलसीच्या टोकाला डी प्लस आणि डी मायनस या बसच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा.

दोन्ही टोकांना १२० ओहम असतील तर पुस्तकात ६० यायला हवं. साइटवर नेमकं ६० येत नाही, कारण केबललाही रेझिस्टन्स असतो आणि तो विसरला की चांगल्या बसवर संशय घेतला जातो. २४ एडब्ल्यूजीची (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तार किलोमीटरला सुमारे ८४ ओहम असते. ३५० मीटरला एका तारेचे २९.४, जाऊन-येऊन ५९ ओहम. म्हणजे पीएलसीच्या टोकाला जवळचे १२० आणि लांबचे १७९ समांतर, मीटर दाखवणार ७२ च्या आसपास. केबल ०.५ स्क्वेअर एमएमची असेल तर किलोमीटरला ३९ धरा, तिथे वाचन ६६ येईल.

१२० च्या जवळ आलं तर एक टर्मिनेशन नाही किंवा मध्ये केबल तुटली आहे. ४० आलं तर तीन, ३० आलं तर चार टर्मिनेशन लागलेली आहेत. मधूनच जाणाऱ्या कम्युनिकेशनमध्ये हेच जास्त सापडतं: प्रत्येक ड्राइव्हवर टर्मिनेशनचा स्विच असतो, बसवणाऱ्याला वाटतं 'ऑन' म्हणजे चांगलं, आणि सहाच्या सहा ऑन. आरएस-४८५ चा ड्रायव्हर ५४ ओहमच्या लोडवर किमान १.५ व्होल्ट देईल एवढीच हमी असते. सात-आठ टर्मिनेशनचा १५-१७ ओहमचा लोड ओढणं त्याच्याकडून अपेक्षितच नाही.

काहीच नसेल तर वाचन काही हजार ओहमवर जाईल. पण इथे एक फसवं प्रकरण आहे. काही ठिकाणी १२० ओहमला सिरीजमध्ये १ नॅनोफॅरड कपॅसिटर असतो. मॉडबसच्या सिरियल लाइन स्पेसिफिकेशनमध्ये बायस वापरताना हीच रचना सुचवली आहे. असं टर्मिनेशन मल्टिमीटरवर उघड्या सर्किटसारखं दिसतं. ते नाही असं समजून आणखी दोन रेझिस्टर ठोकू नका.

आता टर्मिनेशनबद्दल थोडं स्पष्ट. केबलमधून सिग्नल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. ३५० मीटर जाऊन-येऊन ३.५ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा आणि रिसीव्हर तो मध्यावर वाचतो. परतलेली लाट तोवर केव्हाच विरलेली असते. म्हणजे ९६०० ला आणि एवढ्या अंतरावर टर्मिनेशन नसल्यामुळे बस पडत नाही. जास्त झाल्यामुळे मात्र पडते. ११५२०० बॉडला बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो, तिथे हेच ३.५ मायक्रोसेकंद महागात पडतात. वेग वाढवणार असाल तर दोन्ही टोकांना टर्मिनेशन हवंच, ९६०० वर नसलं तर त्यावर खापर फोडू नका.

सप्लाय चालू, पोलिंग बंद: मिलिव्होल्ट

सगळा गोंधळ उलगडणारी मोजणी ही आहे, आणि सहसा कुणी करत नाही. सगळी डिव्हाइस चालू ठेवा, पीएलसी स्टॉपमध्ये टाका, म्हणजे बसवर कुणी बोलत नाही. डी प्लसवर लाल, डी मायनसवर काळा प्रोब, मीटर डीसी मिलिव्होल्टवर.

आरएस-४८५ च्या रिसीव्हरला +२०० मिलिव्होल्टच्या वर '१' आणि −२०० च्या खाली '०' कळतो. मधल्या पट्ट्यात तो काय समजेल याची हमी नाही. बस मोकळी असताना सगळ्यांचे ड्रायव्हर बंद असतात, टर्मिनेशन दोन्ही तारांना एकमेकींकडे ओढतं आणि व्होल्टेज शून्याकडे येतं. त्या पट्ट्यात नॉइजचा छोटा झटकाही स्टार्ट बिट ठरतो. हे टाळायला एका जागी डी प्लस ५ व्होल्टकडे आणि डी मायनस शून्याकडे रेझिस्टरने ओढून ठेवतात. हाच बायस. मॉडबस स्पेसिफिकेशन या रेझिस्टरसाठी ४५० ते ६५० ओहम सांगतं; बाजारात ५६० सहज मिळतो.

हिशोब करून पाहू. ५६० चे दोन रेझिस्टर, मध्ये ६० ओहम: ५ भागिले ११८०, म्हणजे ४.२४ मिलिअँपिअर, आणि ६० ओहमवर २५४ मिलिव्होल्ट. थोडी जागा राखून पास. आता चार टर्मिनेशन असलेली बस घ्या, ३० ओहम: १३० मिलिव्होल्ट. नापास, आणि तरीही बस 'चालते', कारण बरेच रिसीव्हर प्रत्यक्षात २०० च्या खालीही बरोबर वाचतात. कुठलं डिव्हाइस, कुठल्या तापमानाला, शेजारचा कुठला ड्राइव्ह चालू असताना चुकेल ते सांगता येत नाही. 'मधूनच जातं' म्हणतात ते हेच.

मोजणी पीएलसीपाशी करून थांबू नका. आपल्या ३५० मीटरच्या २४ एडब्ल्यूजी बसवर बायस पीएलसीच्या टोकाला असेल तर तिथे ३०१ मिलिव्होल्ट मिळतात आणि केबलमधल्या पडझडीनंतर शेवटच्या मीटरपाशी २०२. काठावर. बसच्या शेवटचे मीटरच आधी का जातात याचं उत्तर पुष्कळदा या दोन आकड्यांत असतं. उपाय: जाड केबल, नाहीतर कपॅसिटरवालं टर्मिनेशन. ९६०० ला चालणाऱ्या लहान बसवर, शे-सव्वाशे मीटरच्या आत, बायस ठेवून टर्मिनेशन काढूनच टाकलं तरी बेधडक चालतं आणि मोकळ्या बसचं व्होल्टेज व्होल्टांत जातं.

बायस एकाच जागी ठेवा. प्रत्येक कन्व्हर्टर, एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) आणि ड्राइव्हमधला बायस ऑन असला तर ड्रायव्हरला तेवढं वजन जास्त उचलावं लागतं. रिसीव्हरला मोकळ्या, शून्य व्होल्टच्या बसवरही '१' वाचता यावा म्हणून उंबरठा −५० मिलिव्होल्टपर्यंत आणलेल्या चिपही आता मिळतात. बसवर सगळीच डिव्हाइस तशी असली तर बायस लागत नाही. एक जुना मीटर मध्ये असला की तो भरवसा संपला.

मोजल्यावर आकडा उणे आला तर कुठेतरी बायस उलटा लागला आहे. इथे 'ए' आणि 'बी' या अक्षरांवर विश्वास टाकू नका. मॉडबसच्या कागदात डी१ म्हणजे बी, मोकळ्या बसवर तो धन. प्रोफिबस या दुसऱ्या बसमध्येही लाल तार बी आणि तीच धन. पण बसवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या कित्येक ट्रान्सीव्हर चिपच्या डेटाशीटमध्ये न-उलटणाऱ्या पायाला ए म्हणतात, आणि डिव्हाइस बनवणारा तेच अक्षर टर्मिनलवर छापतो. म्हणजे एका मीटरचा ए दुसऱ्याच्या बीला जातो आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. डिव्हाइस बसवरून सोडवा, सप्लाय द्या आणि दोन टर्मिनलमध्ये डीसी मोजा. जे धन ते डी प्लस. दोन्हीत काहीच फरक नसेल तर अदलाबदल करून बघा, उलट जोडल्याने काही जळत नाही.

तिसरी तार

आरएस-४८५ ला दोन तारा लागतात हे अर्धसत्य आहे. दोन तारांमधला फरक वाचला जातो हे खरं, पण त्या दोन्ही तारा रिसीव्हरच्या स्वतःच्या शून्यापासून −७ ते +१२ व्होल्टच्या आत राहायला हव्यात. एका पॅनेलचं शून्य दुसऱ्याच्या शून्यापेक्षा वीस व्होल्टांनी सरकलं तर फरक कितीही सुंदर असो, रिसीव्हर आंधळा होतो. थोडं जास्त सरकलं तर जळतो. म्हणून डी प्लस, डी मायनस आणि कॉमन (डिव्हाइसचं शून्य) अशा तीन तारा न्यायच्या: एक पिळाची जोडी आणि तिच्यासोबत एक वेगळी तार. शील्डला कॉमन बनवणं ही काटकसर ड्राइव्ह असलेल्या ठिकाणी करू नका. कॉमन संपूर्ण बससाठी एकाच जागी, मास्टरपाशी, अर्थला बांधायचा. शील्डही त्याच बाजूला. मधल्या प्रत्येक डिव्हाइसपाशी शील्ड शील्डला जोडून पुढे न्यायची, बॉडीला टेकू द्यायची नाही, आणि उघड्या भागावर स्लीव्ह चढवायचं.

तिसरी तार टाकण्याआधी लांबच्या पॅनेलचा कॉमन आणि आलेली तार यांत एसी आणि डीसी दोन्ही मोजा. दोन-तीन व्होल्ट एसी कायम दिसत असतील, विशेषतः दोन इमारतींचे अर्थ पिट वेगळे असतील, तर नुसती तार जोडू नका. तिच्यातून अर्थचा करंट वाहायला लागेल. तिथे आयसोलेटेड रिपीटर (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे पाठवणारा) बसवा. रिपीटरच्या पलीकडचा भाग ही नवी बस: तिची दोन टर्मिनेशन वेगळी, तिचा बायस वेगळा.

ड्राइव्ह चालू असतानाचे झटके मल्टिमीटरला दिसत नाहीत, ते फार अरुंद असतात. शंका पक्की करायची सोपी युक्ती: ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आतले स्विच चालू-बंद होण्याचा वेग) ८ किलोहर्ट्झवरून ४ किंवा २ वर आणा. मोटरचा आवाज वाढेल, पण चुका स्पष्ट कमी झाल्या तर रस्ता सापडला. मग खरा उपाय करा. मोटर केबल आणि कम्युनिकेशन केबल एका ट्रेमध्ये नकोत. किमान ३० सेंटिमीटर अंतर आणि जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात. मोटर केबल शील्डची हवी आणि तिची शील्ड मात्र दोन्ही टोकांना, पूर्ण गोल क्लँपने, पिळून केलेल्या शेपटीने नाही. कम्युनिकेशनच्या शील्डचा आणि मोटर केबलच्या शील्डचा नियम वेगळा आहे. दोन्हींना एकच नियम लावला की वाद संपत नाहीत.

'बॉड कमी करा, नॉइज जाईल' हा सल्ला सर्रास मिळतो. लांब केबलवर तो बरोबर आहे. ड्राइव्हच्या झटक्यांवर भरवशाचा नाही, कारण ४८०० ला फ्रेम दुप्पट लांब होते आणि तिच्या वाट्याला झटकेही दुप्पट येतात.

फांद्या आणि फेरूल

बस एका डिव्हाइसमधून पुढच्यात अशी साखळीने जायला हवी. मधूनच जंक्शन बॉक्स काढून तिथून चार दिशांना फांद्या नेल्या की बिघाडाला जागा तयार होते. फांदी काढावीच लागली तर स्पेसिफिकेशनप्रमाणे जास्तीत जास्त २० मीटर. एकाच बॉक्समधून अनेक फांद्या असतील तर ४० मीटर भागिले फांद्यांची संख्या. चार फांद्या, प्रत्येकी १० मीटर. एका सेगमेंटवर ३२ युनिट लोड (एका साध्या रिसीव्हरचं बसवरचं वजन म्हणजे एक युनिट), आणि नव्या चिपचा लोड पाव किंवा एक अष्टमांश युनिट असू शकतो, म्हणून डिव्हाइस मोजताना मॅन्युअल बघा.

साखळीत प्रत्येक टर्मिनलखाली दोन वायरी येतात: येणारी आणि जाणारी. नुसत्या उघड्या, बारीक मल्टिस्ट्रँड वायरी एकत्र पिळून स्क्रूखाली घातल्या की एक घट्ट बसते आणि दुसरी सहा महिन्यांनी हलते. दोन वायरींचं जुळं फेरूल (वायरींच्या टोकावर दाबून बसवायची नळी) वापरा. त्याचा दुसरा फायदा असा की मीटर काढला तरी दोन्ही वायरी एकत्रच राहतात आणि पुढची बस जिवंत राहते.

सैल जागा नेमकी कुठे ते कळत नसेल तर बस मधोमध तोडा. १० डिव्हाइस पीएलसीच्या बाजूला ठेवा, तुटलेल्या टोकाला तात्पुरतं १२० ओहम लावा, पलीकडच्या डिव्हाइसचं पोलिंग प्रोग्राममध्ये बंद करा. बिघाड राहिला तर अलीकडे, गेला तर पलीकडे. मग त्या अर्ध्याचा अर्धा. मधूनच येणाऱ्या दोषात प्रत्येक पायरीला एक पूर्ण शिफ्ट द्यावी लागते. तेवढी सवड मिळत नाही म्हणूनच मीटर बदलले जातात.

वायरिंग चोख, तरीही जातं

मग प्रोग्राम उघडा. मॉडबस आरटीयूवर मास्टर एकच असतो. पीएलसी आणि स्काडा (कंप्युटरवरची देखरेख), किंवा पीएलसी आणि एचएमआय, दोघांनी एकाच बसवर मीटर वाचायला घेतले की दोघेही 'बहुतेक वेळा' चालतात आणि अधूनमधून एकमेकांवर बोलतात. एचएमआयला तो डेटा पीएलसीकडून घ्यायला लावा, वेगळ्या पोर्टवरून.

पीएलसीच्या आतही हाच प्रकार होतो. दोन रीड ब्लॉक एकाच स्कॅनमध्ये ट्रिगर झाले तर पोर्ट एकाच ब्लॉकला मिळतो, दुसऱ्याला बिझी. आधीच्या ब्लॉकचा डन किंवा एरर बिट आल्यावरच पुढचा सुरू व्हावा, अशी पायरीपायरीची रचना हवी. टायमरवर चालणारं पोलिंग डिव्हाइस वाढली की कोलमडतं.

एका मृत डिव्हाइसमुळे सगळी बस पडल्यासारखी का वाटते, त्याचा हिशोब असा. पॅरिटीसह एक कॅरेक्टर ११ बिटांचं, ९६०० ला १.१५ मिलिसेकंद. प्रश्न ८ बाइट, १० रजिस्टरचं उत्तर २५ बाइट: मिळून ३८ मिलिसेकंद. दोन फ्रेममध्ये साडेतीन कॅरेक्टरची शांतता, म्हणजे प्रत्येकी ४ मिलिसेकंद. स्लेव्हला विचार करायला ३० धरले तर एका डिव्हाइसला सुमारे ७५, वीस डिव्हाइसला दीड सेकंद. आता एक मीटर बंद पडला, टाइमआउट १ सेकंद आणि रीट्राय ३: त्या एकावर चार सेकंद जातात आणि फेरी साडेपाच सेकंदांवर पोहोचते. स्काडाने ५ सेकंदांची मर्यादा लावली असेल तर वीसही मीटर लाल. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणा (मॅन्युअलमधल्या कमाल रिस्पॉन्स टाइमच्या खाली जाऊ नका), रीट्राय १, आणि सलग तीनदा गप्प राहिलेल्या डिव्हाइसला यादीतून बाजूला काढून अर्ध्या मिनिटाने एकदाच विचारा.

पत्ता दोघांना एकच दिला गेला असेल तर त्या पत्त्यावर दोघेही उत्तर देतात. दोघांचा वेग अगदी सारखा असेल तर गडबड, थोडा वेगळा असेल तर कधी याचं वाचन, कधी त्याचं. तपासणी एका मिनिटाची आहे: ज्या डिव्हाइसचा तो पत्ता असायला हवा, त्याची बसची वायर काढा. पत्त्यावरून तरीही उत्तर आलं तर जुळा सापडला. नवा मीटर बहुधा पत्ता १ घेऊन येतो, म्हणून बसवर लावण्याआधी टेबलावर पत्ता द्या. काही डिव्हाइस नवा बॉड किंवा पॅरिटी सप्लाय बंद-चालू केल्यावरच पाळतात. डिस्प्लेवर नवा आकडा दिसतो, आत जुनाच चालू असतो.

वीज पडल्यानंतर

मे-जूनच्या वळवाच्या पावसानंतर बस 'थोडी आजारी' झाली असेल तर एखादा ट्रान्सीव्हर अर्धवट जळला आहे. तो स्वतः बोलत नाही आणि बाकीच्यांची लाइन खाली ओढून धरतो. प्रत्येक डिव्हाइस बसवरून सोडवा, सप्लाय बंद, टर्मिनेशन ऑफ, आणि डी प्लस ते कॉमन, डी मायनस ते कॉमन असा रेझिस्टन्स मोजा. चांगल्या डिव्हाइसवर हजारांत येतो आणि दोन्ही वाचनं जवळपास सारखी असतात. एका बाजूला काही दहा ओहम आले तर तोच गुन्हेगार. त्याच मॉडेलच्या चांगल्या तुकड्याशी ताडून पाहा, कारण आतल्या बायसमुळे वाचन मॉडेलप्रमाणे बदलतं. उघड्यावरून किंवा दोन इमारतींमधून जाणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर हवा. बोर्डवर लावायचा असेल तर −७/+१२ व्होल्टसाठीच बनवलेला एसएम७१२ डायोड, साधा ५ व्होल्टचा नको.

दुरुस्ती टिकली हे कसं कळणार?

पीएलसीत प्रत्येक स्लेव्हसाठी तीन काउंटर ठेवा: यशस्वी, टाइमआउट, सीआरसी चूक. चाचणीच्या काळात रीट्राय शून्य करा. रीट्राय चालू असला की पहिल्या खेपेला पडलेली फ्रेम दुसऱ्या खेपेला निघते आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. बस आजारीच असते, फक्त कण्हत नाही. डिव्हाइस फंक्शन ८ देत असेल तर सब-फंक्शन १२ मधून त्याने स्वतः मोजलेल्या सीआरसी चुका वाचता येतात. जाणारी बाजू खराब की येणारी, हे तिथे वेगळं कळतं: स्लेव्हचा काउंटर वाढला तर प्रश्न बिघडतोय, पीएलसीचा वाढला तर उत्तर.

दीड सेकंदाच्या फेरीने आठ तासांच्या शिफ्टमध्ये प्रत्येक डिव्हाइसला १९,२०० वेळा विचारलं जातं. सगळे ड्राइव्ह चालू असलेल्या शिफ्टमध्ये दोन्ही चुकांचे काउंटर शून्य राहिले, तर रीट्राय पुन्हा १ करा. आणि मोकळ्या बसचं दोन्ही टोकांचं मिलिव्होल्ट, सप्लाय बंद असतानाचे ओहम, टर्मिनेशन आणि बायस कुठे लावले आहेत ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, तारखेसह.